मनाई, मुभा आणि पाठबळ

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. वाइननिर्मितीला लघुउद्योगाचा दर्जा आणि उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. या राज्यात मद्याचे नियमन मात्र १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानेच होते. त्याच्या नावात पुढे ‘महाराष्ट्र’ आले, ‘दारूबंदी’ तशीच राहिली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यावर दोन कामे एकत्रच सोपवली आहेत: लोकांचे पोषणमान आणि आरोग्य सुधारणे, आणि औषधी उपयोग वगळता मादक पेयांचे सेवन बंद व्हावे म्हणून झटणे. एखाद्या प्रदेशाच्या खास, उंची खाद्यपेयांना सरकारने हात द्यावा का, हा प्रश्न एरवी शेतीखात्याचा आणि अर्थखात्याचा. त्या यादीत वाइन आली की तो नीतीचा आणि धर्माचा होतो.

कोणत्याही वस्तूशी राज्याचे नाते तीन प्रकारचे असू शकते. राज्य तिला मनाई करते, तिला मुभा देते किंवा तिच्या पाठीशी उभे राहते. मद्यावरच्या आपल्याकडील वादांत पहिली दोनच नाती डोळ्यांपुढे असतात. दारूबंदी हवी की नको, एवढ्यावर चर्चा अडून बसते. तिसऱ्या नात्याची कसोटी वेगळी असायला हवी. मुभा देणारे राज्य बाजूला होते आणि पिण्याची जबाबदारी पिणाऱ्यावर राहते. पाठबळ देणारे राज्य त्या कामात सार्वजनिक पैसा घालते, आणि ज्याने आयुष्यभर मद्याला शिवायचे नाही असे ठरवले आहे त्याचाही वाटा त्या पैशात असतो. म्हणून मुभा द्यायला जेवढे कारण पुरते तेवढे पाठबळ द्यायला पुरत नाही.

पाठबळाचे स्वरूपही एकच नसते. वाइन पार्कमधला भूखंड हे एक. महाराष्ट्रातल्या द्राक्षांपासून इथेच केलेल्या वाइनवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देणारी प्रोत्साहन योजना हे दुसरे. तिला पुढे मुदतवाढही मिळाली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची भौगोलिक मानांकन म्हणून नोंद होणे हे तिसरे. पहिल्यात राज्य जागा देते, दुसऱ्यात विक्रीच्या प्रमाणात पैसा देते, तिसऱ्यात केवळ एका नावाचे रक्षण करते. नैतिक दृष्ट्या ही तिन्ही कामे एका पंक्तीला बसणारी नाहीत. वादात मात्र ती एकाच पिशवीत कोंबली जातात.

ज्या शेतात हा प्रश्न उगवतो ते शेत आधी पाहायला हवे. खाण्याच्या द्राक्षाचा घड आणि वाइनच्या द्राक्षाचा घड शेजारी शेजारी धरले तर ती दोन वेगळी फळे वाटतील. थॉमसन या खाण्याच्या जातीचा मणी लांब, फुगीर, बिनबियांचा. त्यासाठी घडाची विरळणी होते, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवले जातात. शिराझ किंवा शेनिन ब्लाँ या वाइनच्या जातींचा मणी लहान आणि बियांचा. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा तर साल आणि बियांतूनच यायचा असल्यामुळे मणी फुगवण्यात कोणालाच रस नसतो. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी फळछाटणी दोन्ही बागांना चुकत नाही. गारपीट आणि अवकाळी पाऊस दोघांना सारखेच झोडपतात. फरक विक्रीत आहे. खाण्याच्या द्राक्षाचा भाव व्यापारी बागेत येऊन ठरवतो आणि तो एका आठवड्यात कोसळू शकतो. वाइनच्या द्राक्षाचा किलोमागचा दर बहुधा कराराने आधीच ठरलेला असतो. जानेवारी ते मार्च या काळात पहाटे, ऊन चढण्याआधी घड क्रेटमध्ये भरले जातात आणि साखर अपेक्षेइतकी, साधारण २२ ते २४ ब्रिक्स, उतरली असेल तर त्याच सकाळी कारखान्यात जातात. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला आधी ठरलेला दर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता हा शेतकरी माळकरी आहे असे समजावे. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात ही कल्पना मुळीच ओढूनताणून आणलेली नाही. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी, मद्यमांसाला स्पर्श नाही. त्याने शेनिन ब्लाँ लावावी का? तो पीत नाही, गाळत नाही, विकतही नाही. तो फळ पिकवतो. पण ते फळ बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. वेल लावली त्याच दिवशी फळाचे काय होणार हे ठरून गेले.

हा पेच नवा नाही, आणि त्यावर सर्वांत बारकाईने विचार इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी केलेला दिसतो. हदीसच्या संग्रहांत मद्याशी संबंध असलेल्या दहा जणांचा निषेध येतो. त्यांत पिणाऱ्याबरोबर द्राक्षे पिळणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि त्या विक्रीवर जगणाराही आहे. मग जो मद्य करणार हे ठाऊक आहे त्याला द्राक्षाचा रस विकावा का? अबू हनीफा यांनी अशी विक्री वैध मानली. रसात दोष नाही, दोष रसाचे रूप बदलल्यानंतर येतो आणि तो बदल दुसरा माणूस स्वतःच्या इच्छेने घडवतो, असा त्यामागचा युक्तिवाद. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना हे पटले नाही. पापाला मदत करणे त्यांनी निंद्य मानले. अबू हनीफांचा युक्तिवाद जोरकस आहे, पण तो ज्या रसाची दुसरी वाट मोकळी आहे त्याला अधिक लागू पडतो. केवळ वाइनसाठीच लावलेल्या जातीला तो पुरेसा आधार देत नाही.

बौद्ध परंपरेत हा प्रश्न उपजीविकेच्या अंगाने येतो. पंचशीलातले पाचवे शील मद्यपानापासून दूर राहण्याचे आहे. पण अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात त्याहून एक पाऊल पुढे जाऊन उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. स्वतः न पिता मद्यावर पोट भरण्याचा मार्गही इथे बंद होतो. जैन श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य येते आणि त्यात मद्याचा व्यापार मोडतो. या दोन्ही परंपरांचे म्हणणे सरळ आहे. ज्या वस्तूने दुसऱ्याचे भान हरपते ती पुरवून मिळवलेला पैसा स्वच्छ नाही.

वैदिक आणि स्मृतींच्या परंपरेला मात्र एक आवाज नाही. मनुस्मृतीने सुरापान महापातकांत घातले. सौत्रामणी यागात मात्र सुरेची आहुती आहे. कोणत्या वर्णाला कोणते मद्य वर्ज्य, गूळ, पीठ आणि मोहाची फुले किंवा मध यांपासून केलेल्या सुरांत भेद करावा का, यावर स्मृतिकार आणि भाष्यकार शतकानुशतके वाद घालत राहिले. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात त्याचा धांडोळा आहे. आयुर्वेदाने तर मद्याला अन्नासारखे मानून युक्तीने घेतल्यास हितकर आणि अयुक्तीने घेतल्यास रोगकारक ठरवले. कोकणात गावच्या राखणदाराला कोंबड्याबरोबर दारूही दिली जाते. सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत अनेक आदिवासी समाजांत जन्म, लग्न आणि मरण यांचे विधी मोहाच्या धारेशिवाय पुरे होत नाहीत.

ख्रिस्ती धर्मात तर द्राक्षमद्य उपासनेच्या केंद्रस्थानी आहे. कॅथलिक धर्मकायद्यानुसार मिस्सेसाठी वापरायची वाइन द्राक्षाचीच आणि न बिघडलेली हवी. यहुदी धर्मात शब्बाथची सुरुवात वाइनवर म्हटलेल्या ‘किद्दूश’ या आशीर्वचनाने होते. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाने मात्र कोकणात, जिथे वाइन मिळण्याची सोय नव्हती, काळ्या मनुका भिजवून त्यांच्या सरबतावर किद्दूश म्हणण्याची रीत पाडली आणि ती टिकवली. हे सरबत फार मोलाचे उदाहरण आहे. विधीला द्राक्ष हवे होते, नशा नको होती. परंपरेने दोन्ही वेगळे करून दाखवले.

एवढ्या परंपरांतून राज्याने कोणती उचलावी? एकही नाही, हे सेक्युलर राज्याचे उत्तर असते आणि मनाईच्या प्रश्नापुरते ते बरोबर आहे. माळकऱ्याचे व्रत राखणदाराच्या भक्तावर लादता येत नाही. पण हेच उत्तर उलट बाजूनेही लागू होते, ते बहुतेक वेळा विसरले जाते. एखाद्या चालीरीतीला बंदी करताना जसे राज्याने एका धर्माची बाजू घेऊ नये, तसेच तिला उत्तेजन देतानाही घेऊ नये. वाइनसंस्कृती रुजवणे हे सरकारचे काम आहे असे कोणी म्हणू लागले तर ते दारूबंदी लादण्याइतकेच एका जीवनपद्धतीची बाजू घेणे होते.

राज्य आणि मद्य यांचे नाते भारतात किती जुने आहे ते अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणावरून कळते. कौटिल्याच्या नावावर असलेल्या या ग्रंथात सुरेचा धंदा राज्याच्या अधिकाऱ्याच्या हाती आहे. पानगृहे कशी असावीत, सुरा किती द्यावी, गिऱ्हाइकांवर नजर कोणी ठेवावी, सगळे ठरवलेले आहे. उत्सव आणि यात्रांच्या काळात चार दिवस गाळण्याची सवलत आहे. द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या ‘मधु’ची ओळख तिथे प्रदेशांच्या नावांवरून दिली आहे: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले बेग्रामच्या आसपासचे नगर. प्रदेशाच्या नावाने वाइन ओळखण्याची चाल फ्रान्सने १९३५ साली कायद्यात बसवली. भारतात ती दोन हजार वर्षांमागे माहीत होती. कौटिल्याचे राज्य मात्र मद्याचे गुणगान करत नाही. ते गाळते, विकते, महसूल घेते आणि पाळत ठेवते. खप वाढवणे हे पुण्यकर्म आहे असा त्याचा दावा कुठेच नाही.

आधुनिक महाराष्ट्रात मद्याविरुद्धची भूमिका आधी समाजसुधारकांनी घेतली, सरकारने नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यातल्या वाढत्या दारूदुकानांवर नगरपालिकेकडे लेखी हरकत नोंदवली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर पिकेटिंग झाले. गाडगे महाराजांनी कीर्तनातून हाच विषय खेड्यापाड्यांत नेला. यांतले फुले आणि टिळक अबकारी उत्पन्नावर पोसलेल्या सरकारला विरोध करत होते. दारू पिणाऱ्या माणसावर जेवढा राग होता त्याहून अधिक राग त्याच्या पिण्यावर तिजोरी भरणाऱ्या सत्तेवर होता. आज राज्याला उत्पादनशुल्कातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळतो. तेव्हा ही जुनी हरकत अजून उत्तराची वाट पाहते आहे.

घटना समितीत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीच्या कलमावर जी चर्चा झाली, तीत या प्रश्नाच्या बहुतेक बाजू आल्या. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या भूमिकेतून कलमाला विरोध केला. जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या धर्मविधींत मद्याला स्थान असल्याचे सांगून, हे कलम एका प्राचीन समाजाच्या धार्मिक अधिकारावर घाला ठरेल असा इशारा दिला. उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते केव्हा आणि कसे अमलात आणायचे हे राज्यावर सोपवलेले आहे, हे स्पष्ट केले.

आंबेडकरांची स्वतःची भूमिका इथे लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात अनेकांना विसंगती दिसते आणि खरे तर ती या विषयातली सर्वांत सुसंगत भूमिका आहे. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून तो महसूल विकासाकडे वळवावा असे म्हटले होते. पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी त्यांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. कायद्याने जे लादायला ते तयार नव्हते, ते त्यांनी प्रतिज्ञा म्हणून मागितले. प्रतिज्ञा घेणारा ती स्वतः घेतो, म्हणूनच तिला नैतिक मोल असते; पोलिसांच्या भीतीने न पिणाऱ्याने शील पाळले असे कोणी म्हणणार नाही. या भूमिकेतून मुभा निघते आणि महसूलही निघतो. उत्तेजन निघत नाही. ज्यापासून दूर राहण्याची शपथ लाखो माणसे घेतात, त्याच्या विक्रीवर सरकारने बक्षीस देणे हे आंबेडकरांच्या विचारातून काढता येणार नाही.

न्यायालयांनी कायद्याची बाजू बरीच स्पष्ट केली आहे. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा दारूबंदी कायदा काही तरतुदी वगळून वैध ठरवला. १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात मादक पेयांचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही असे सांगितले. त्याच वेळी राज्य हा व्यापार स्वतःकडे मक्तेदारीने ठेवू शकते हेही मान्य केले. नागरिकाला हक्क नाही आणि राज्याला मात्र अधिकार आहे, ही मांडणी कायद्याला चालते. नीतीला ती तितकीशी चालत नाही. धंदा मुळात गैर असेल तर राज्याने केल्याने तो शुद्ध होत नाही. आणि गैर नसेल तर नागरिकाचा हक्क काढून घेण्याचे कारण उरत नाही. राज्याच्या हातात धंदा ठेवण्याचे एकच समर्थन टिकते, ते म्हणजे त्यामुळे पिणे आवरले जाईल. प्रोत्साहन योजनेला हे समर्थन वापरता येत नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा हे सगळे एकदम उफाळून आले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी टीकेची झोड उठवली, सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या आणि निर्णय पुढे अडला. समर्थनाच्या बाजूने दोन मुद्दे पुन्हा पुन्हा आले: वाइन म्हणजे दारू नव्हे, आणि हे शेतकऱ्यासाठी आहे.

पहिला मुद्दा मोजून पाहता येतो. साधारण १३ टक्के मद्यार्काच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला तर त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. यकृताला दोन्हींतला रेणू सारखाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, आणि त्यात वाइनला सूट नाही. तेव्हा हा दावा सोडून दिलेला बरा. वाइनच्या बाजूने प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की ती महाग असते, जेवणाबरोबर सावकाश प्यायली जाते, आणि खेड्यातले संसार आज ज्या दारूने उद्ध्वस्त होतात ती बहुतांशी ही नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण करार पाळला गेला तर शेतकऱ्याला खरोखर स्थैर्य मिळते. पण ‘शेतकऱ्यासाठी’ हे कारण महाराष्ट्रात याआधीही पुढे केले गेले आहे. उसाच्या मळीपासून देशी दारू निघते आणि साखर कारखानदारीला राज्याने दशकानुदशके भागभांडवल दिले. २००७ मध्ये ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आले आणि त्यावर मोठा वाद झाला. प्रत्येक वेळी शेतकऱ्याचे नाव होते. त्याच्या हातात नेमके किती पडते, हे प्रत्येक योजनेत वेगळे तपासायला हवे. व्हॅटचा परतावा वाइन उत्पादकाला मिळतो, बागायतदाराला नाही. तो कराराच्या दरात उतरावा अशी अट नसेल तर शेतकऱ्याचे नाव घेण्याचा अधिकार त्या योजनेला उरत नाही.

दारूचा भार सोसणाऱ्या बायकांना या राज्यात एक खास अधिकार आहे. गावातील किंवा प्रभागातील नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर तिथले दारूदुकान बंद होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. वाचता न येणाऱ्या बाईलाही शिक्का कुठे मारायचा ते कळते. मुभेवर स्थानिक लोकांनी लगाम कसा ठेवावा याचा हा उत्तम नमुना आहे. गडचिरोलीत १९९३ पासून असलेली दारूबंदीही लोकांच्या चळवळीतून आली. उलट, पाठबळाच्या बाबतीत असे मत कोणी कधी मागितलेले नाही.

या सगळ्यात न्यायाचा सर्वांत टोचणारा प्रश्न मोहाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वेचलेली फुले अंगणात वाळवतात. ती शिजवून खाल्ली जातात, गुरांना घातली जातात, अडीनडीला विकली जातात आणि त्यांची दारूही गाळली जाते. १८९२ च्या मोह कायद्याने इंग्रज सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुले गोळा करण्या-बाळगण्यावरच निर्बंध आणले, कारण घरी गाळलेल्या दारूवर अबकारी कर मिळत नव्हता. स्वातंत्र्यानंतरही फुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे जाच दीर्घकाळ टिकले. ते अलीकडे सैल झाले. गाळून विकणे मात्र आजही गुन्हा आहे. चवीने, मातीने, विधीने एखादे पेय एखाद्या प्रदेशाचे असेल तर ते मोहाचे आहे. शिराझची वेल परदेशातून आली. एकाला वाइन पार्क मिळतो, दुसऱ्याला धाड. याचे समर्थन आरोग्याच्या भाषेत करता येत नाही, कारण मद्यार्क दोन्हींत आहे. परंपरेच्या भाषेत तर मुळीच करता येत नाही. मग उरते ते एवढेच की एक पेय श्रीमंतांच्या टेबलावरचे आहे. गोव्याने निदान फेणीच्या बाबतीत हा भेद मोडला: २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये ती देशी दारूच्या वर्गातून काढून वारसापेय ठरवण्यात आली. काजूची बोंडे तुडवून त्यांचा रस म्हणजे नीरो काढणारा, पहिल्या धारेच्या हुर्राकाच्या वासात दिवस घालवणारा भट्टीवाला त्यामुळे कायद्याच्या नजरेत कारागीर झाला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसामद्य म्हणून परवाने द्यायला सुरुवात केली आहे. मनाई, मुभा किंवा पाठबळ, जे काही असेल ते सारख्या गोष्टींना सारखे असले पाहिजे, ही न्यायाची किमान अट आहे.

ज्या खाद्यपदार्थांत नशेचा प्रश्नच नाही त्यांच्या पाठबळावरही एक आक्षेप घेतला जातो. देवगडचा हापूस, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, घोलवडचा चिकू ही चैनीची फळे. ती पिकवणाऱ्या कित्येकांच्या घरीच पहिली पेटी उघडली जात नाही. मग गरिबाच्या ताटात न येणाऱ्या वस्तूसाठी सार्वजनिक पैसा का? इथे वस्तू कोण खातो यापेक्षा ती कोण पिकवतो हे महत्त्वाचे आहे. भौगोलिक मानांकन हा एका माणसाचा किंवा कंपनीचा हक्क नसतो. त्या प्रदेशातला, ठरलेल्या रीतीने पिकवणारा प्रत्येक जण त्याचा अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा कोकणातल्या पेटीत भरून हापूस म्हणून विकला जातो तेव्हा चोरीला जाते ते पाच जिल्ह्यांचे नाव. ते राखणे हे राज्याचे साधे कर्तव्य आहे आणि त्याला कोणत्याही जीवनपद्धतीची बाजू घ्यावी लागत नाही. एक अवघड कोपरा उरतो तो प्रसादाचा. तिरुपतीच्या लाडवाला २००९ मध्ये मानांकन मिळाले, पळणीच्या पंचामृताला २०१९ मध्ये. प्रसाद हा व्यापारी माल ठरतो का, अशी हरकत भाविकांनी घ्यावी हे स्वाभाविक आहे. नावाची नक्कल थांबवण्यापुरते हे मानांकन समजून घेता येते. त्यापलीकडे प्रसादाची किंमत वाढवायला ते वापरले तर त्याचा अर्थच हरवेल.

नाव राखणे आणि विक्री वाढवणे यांतल्या फरकाच्या आधारे वाइनला मिळणाऱ्या पाठबळाची वर्गवारी करता येते. नाशिकच्या नावाचे रक्षण, भेसळीची तपासणी, माती-पाण्याचे संशोधन, शेतकऱ्याचे पैसे बुडू नयेत म्हणून कराराची हमी: ही कामे राज्याने करायला हरकत नाही, कारण त्यांनी फसवणूक कमी होते, पिणे वाढत नाही. जितकी बाटली खपेल तितका पैसा परत देणारी योजना मात्र ४७ व्या अनुच्छेदाच्या थेट विरुद्ध दिशेला जाते. तिच्यात राज्याला खप वाढण्यातच रस उत्पन्न होतो, आणि ज्याच्यावर आवर घालायचा त्याच्याच वाढीत आवरणाऱ्याचा स्वार्थ अडकतो. सुपरमार्केटचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये आहे. तो मुभेचा प्रश्न आहे, आणि मुभेला आडव्या बाटलीचा नियम आधीपासून आहे. तो त्या दुकानांनाही लागू करावा.

तरीही परताव्याची योजना एका रात्रीत काढून घेणे हाही अन्यायच होईल, कारण वेल एका हंगामाची नसते. ती पंधरा-वीस वर्षे फळ देते आणि सरकारच्या शब्दावर ती लावली गेली. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घसरली, टाक्यांत साठे पडून राहिले, शेतकऱ्यांची देणी थकली आणि अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. ज्यांनी बागा लावा म्हटले त्यांना तेव्हा कोणी जाब विचारला नाही. राज्याने हात काढून घ्यायचा तर मुदत आधी जाहीर करून, टप्प्याटप्प्याने, आणि खुंट तसाच ठेवून त्यावर दुसऱ्या जातीचे कलम करायचा खर्च देऊन घ्यावा. पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ ही रसासाठीची गडद रंगाची जात काढली आहे. तिचा रस न आंबवता प्यायचा असतो आणि ती लावताना माळकऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही. ४७ व्या अनुच्छेदाने पोषणाचे कामही राज्यावर टाकलेले आहे. विक्रीच्या परताव्यात जाणारा पैसा अशा रसाचे कारखाने, शीतगृहे आणि बाजार उभे करण्याकडे वळवायला त्याच अनुच्छेदाचा आधार आहे.